हौशी आणि धुक्याचं घोंगडं

एक होतं आटपाट वेळूबन. हिरवंगार, उंचच उंच, वारा आला की सगळं मिळून गुणगुणणारं. वेळूबनाच्या कडेने एक ओढा वाहायचा, ओढ्याकाठी एक इवलंसं खोपट होतं, आणि त्या खोपटात हौशी आणि तिची आई सगुणा अशा दोघीच राहायच्या. हौशी रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. घरात दागिना म्हणाल तर एक पितळी तांब्या, आणि श्रीमंती म्हणाल तर सगुणाचे दोन हात.

सगुणा बुरडाची लेक आणि बुरडाची सून. वेळू चिरून ती कामट्या काढायची आणि त्या लांब लांब पट्ट्यांच्या टोपल्या, सुपं, रोवळ्या विणायची. टोपली पुरी झाली की बाजारात नेण्याआधी त्यांची एक गंमत ठरलेली असे. सगुणा ती नवी कोरी टोपली हौशीच्या डोक्यावर पालथी घालायची, कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, "कुणाची ग ही टोपलीवाली?"

टोपलीच्या आतून हौशी ओरडायची, "तुझी!"

मगच ती टोपली बाजाराला जायची. हौशीच्या डोक्यावर न बसलेली टोपली सगुणाने कधी विकली नाही. आणि लोक म्हणायचे, बाकी काही असो, सगुणाच्या टोपलीतली भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

पण एकदा काय झालं, हौशी रुसली. कशावरून रुसली ते विचाराल, तर शेंगदाण्याच्या लाडवावरून. आता लाडू काही आभाळातून पडत नाहीत, पण रुसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? सगुणाने नवी टोपली तिच्या डोक्यावर घातली आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाची ग ही टोपलीवाली?"

"कुणाचीच नाही!" हौशी म्हणाली, आणि तिने टोपली अंगणात भिरकावून दिली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

आजारी म्हणावी, तर अंगात ताप नव्हता. झोपलेली म्हणावी, तर डोळे उघडे होते. भिंतीकडे तोंड करून ती नुसती पडून राहिली. हाक मारली की "ऊं" म्हणे, पुढे काही नाही. दिवाळी आली तशी गेली, थंडी पडली, अंगणात उभ्या करून ठेवलेल्या कामट्या वाळून कडकडीत झाल्या, तरी आई उठेना.

हौशी पाणी भरायची, चूल पेटवायची, पेज शिजवायची, आईला घास घास भरवायची. उरलीसुरली सुपं बाजारात विकून मीठमिरची आणायची. येणारेजाणारे दारातूनच डोकावत. "धडधाकट बाई, नुसती लोळतेय," असं कुणी म्हणे. शेजारची गजरामावशी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणे, "बाहेरचं काहीतरी लागलंय ग पोरी. लिंबू उतरवून टाकू." लिंबं उतरवून झाली. लिंबं वाळली, आई होती तशीच.

हौशीला मात्र पक्कं ठाऊक होतं की हे कशाने झालं. 'मी म्हणाले ना, कुणाचीच नाही म्हणून. त्यामुळेच आई अशी झाली.' हे तिने कुणालाही सांगितलं नाही. एवढंसं पोट, आणि त्यात एवढी मोठी गोष्ट घेऊन ती हिंडत होती.

एकदा सकाळी ती वेळूबनात वाळका पाचोळा गोळा करायला गेली. कोवळं, गुलाबी ऊन पानांतून खाली झिरपत होतं. दवाचे थेंब पानांच्या टोकांवर लुकलुकत होते. तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं. इतकं बारीक, की चिमणीच्या पिल्लाला सर्दी झाली असावी असं वाटलं.

एकमेकांना घासून उभे असलेले दोन वेळू होते. त्यांच्या फटीत एक परी अडकली होती! बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगात कोवळ्या पोपटी पानाचा झगा, केसांत सोनेरी परागांची पूड, पायांत दवाचे पैंजण. एक पंख चतुराच्या पंखासारखा झगमगत होता, निळा, जांभळा, मोरपंखी. दुसरा मात्र फटीत चिमटून, वाळून, वेळूला घट्ट चिकटून बसला होता.

"बघतेस काय? ओढ ना मला!" परी मुसमुसत म्हणाली.

"नको ग परीताई," हौशी म्हणाली. "ओढलं तर फाटेल. वाळलेलं कधी ओढायचं नसतं. आई म्हणते, आधी भिजवायचं, मग वाट बघायची. वाळकी कामटी जोराने वाकवली की तडकन मोडते. भिजली की आपली आपण वाकते."

"किती वाट बघायची?"

"ते कामटी सांगते," हौशी म्हणाली.

तिने ओढ्यातून ओंजळ भरून आणली आणि थेंब थेंब पाणी त्या इवल्या पंखावर सोडलं. ओंजळ सांडली की पुन्हा ओढ्याला, पुन्हा परत. मधल्या वेळात ती परीजवळ बसून तिला लाडवांच्या गोष्टी सांगत होती. ऊन वर चढलं. पाचोळा तसाच राहिला. आणि मग, कुणी काही न करता, पंख अलगद सुटला!

परी भिरभिरत वर उडाली. तिच्याभोवती रुपेरी कणांचा पाऊस पडला. "मी सळसळी," ती म्हणाली. "या बनाची परी. हौशीबाई, तुला तीन इच्छा दिल्या. पण नियम ऐकून घे, नाहीतर मग माझ्या नावाने बोटं मोडशील. माझी जादू एका दिवसाच्या उन्हापुरती. सूर्य मावळला की ती विरघळते. दुसरं, कुणाच्या मनात मला शिरता येत नाही, मी आपली वरवरचं काम करणारी. आणि तिसरं, तिन्हींतली एक इच्छा तुला स्वतःसाठीच मागावी लागेल."

हौशीने श्वासही घेतला नाही. "माझी आई हसू दे!"

"वरवरचंच होईल हं," सळसळी म्हणाली.

"होऊ दे!"

हौशी धावत घरी आली, तर काय! आई उठून बसली होती आणि हसत होती. खळखळून हसत होती. हौशीने तिच्या गळ्यात हातच टाकले. आई हसली. चुलीवरची पेज उतू गेली, आई हसली. ती उतरवताना हौशीचं बोट भाजलं, ती कळवळली, आणि आई हसली. गजरामावशी दारातून म्हणाली, "अग बाई, लिंबू लागू पडलं की!" आणि खुशीत निघून गेली. पण हौशीने जवळ जाऊन पाहिलं. आईचं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसू कुणीतरी बाहेरून चिकटवल्यासारखं होतं. हौशीला भीती वाटली. सूर्य कधी मावळतो याची ती वाट बघत बसली.

सूर्य मावळला. हसू गळून पडलं. आई पुन्हा आडवी झाली आणि हळूच म्हणाली, "दमले ग हौशे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशी मान खाली घालून बनात गेली. "परीताई, माझं चुकलं. मला नुसतं दिसू दे, आईला काय झालंय ते."

"ही इच्छा चांगली आहे," सळसळी म्हणाली, आणि तिने हौशीच्या दोन्ही पापण्यांवर परागांची चिमूट ठेवली.

हौशी घरात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. आईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत एक घोंगडं होतं. लोकरीचं नव्हे, धुक्याचं. राखाडी, ओलं, जाडजूड. एक टोक तिच्या तोंडावर होतं, म्हणून तिचा आवाज बाहेर येत नव्हता. हातांवर इतकं ओझं होतं की हात उचलत नव्हते. आई लोळत नव्हती, आळसही करत नव्हती. आई त्या घोंगड्याखाली दबली होती, आणि इतके दिवस ते कुणालाच दिसलं नव्हतं!

"थांब आई, मी काढते!" हौशीने घोंगड्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं, भिंतीला पाय लावला आणि सगळा जीव लावून ओढलं. घोंगडं सुटलं नाही. उलट जास्तच आवळलं, आणि आई कण्हली. हौशीने पुन्हा ओढलं. आईने डोळे गच्च मिटून घेतले.

"हौशीबाई," वर आढ्यावरून बारीक आवाज आला. सळसळी तिथे पाय हलवत बसली होती. "माझा पंख कसा सोडवला होतास?"

हौशीचे हात तिथेच सुटले. बुरडाची पोर ती! परक्या परीचा पंख ओढायचा नाही हे तिला कळलं होतं, आणि आपल्या आईलाच ती ओढत बसली होती. तिला रडू आलं. पण मग डोळे पुसून ती उठली. तिने पाणी कोमट केलं आणि आईचे पाय धुतले. पायाजवळचा धुक्याचा एक धागा विरला. फक्त एकच, पण विरला. तिने खिडकीवरचं तरटाचं पोतं बाजूला सारलं. उन्हाचा एक कवडसा आईच्या पाठीवर पडला, आणि तिथला एक धागा विरला. मग ती आईशेजारी नुसती बसून राहिली. ऊठ म्हणाली नाही, बोल म्हणाली नाही. आणखी एक धागा विरला.

"पण घोंगडं केवढं मोठं आहे ग," हौशी आढ्याकडे बघून पुटपुटली. "आणि माझे हात एवढेसे."

"मग आणखी हात आण की," सळसळी म्हणाली. "एकटीनेच करायचं असा नियम मी कुठे सांगितला?"

हौशी गजरामावशीकडे पळाली. "मावशी, लिंबू नको. बाहेरचं काही नाहीये. आई दबलीय ग खाली. तू दारात उभी राहू नकोस, आत ये आणि नुसती बस."

गजरामावशी कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मग पदराला हात पुसत म्हणाली, "माझी धाकटी जाऊ अशीच पडून राहिली होती. आम्ही घरचं झाकायचं म्हणून कुणाला बोललो नाही, लिंबंच उतरवत बसलो. शेवटी बाजारगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला उठवली. त्या मनाचं दुखणं बघतात. मी तुला हे आधीच सांगायला हवं होतं ग बाळा. लाज वाटली मला."

त्या दिवशी मावशी पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. सगुणाच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांचा गुंता बोटांनी सोडवू लागली. तिला घोंगडं दिसत नव्हतं. पण हौशीला दिसलं, आईच्या तोंडावरचं टोक जरासं मागे सरकलं होतं.

"गजराक्का," आई म्हणाली, "आत मरणाचा अंधार आहे."

"असू दे," मावशी म्हणाली. "आम्ही बसलोय ना."

सूर्य मावळला आणि हौशीच्या पापण्यांवरची जादू विरघळली. घोंगडं दिसेनासं झालं. पण ते आहे, हे आता तिला ठाऊक होतं.

मावशीच्या दिराची बैलगाडी मागून त्या तिघी बाजारगावच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई निळ्या साडीतल्या, गोल चष्म्याच्या. त्यांनी सगुणाला घाई केली नाही. तिने एक वाक्य बोलायला घटकाभर वेळ घेतला, तरी त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगाला ताप येतो ना सगुणाबाई, तसं मनही आजारी पडतं. त्याला औषध असतं. गोळ्या घ्यायच्या, दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन बोलायचं. आणि झेपेल तेवढंच करायचं."

"आई उद्या बरी होईल?" हौशीने विचारलं.

"उद्या नाही होणार बाळ. पण होईल."

"म्हणजे भिजत घालायचं आणि वाट बघायची," हौशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नसावं, पण त्या हसून म्हणाल्या, "हो, वाट बघायची."

आणि खरंच, बरं होणं काही परीच्या कांडीसारखं लखकन झालं नाही. एके दिवशी आई उठून उंबऱ्यात येऊन बसली, आणि हौशी आनंदाने अंगणभर नाचली. दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि हौशी रडली. "अग, विणताना एक कामटी निसटली म्हणून सबंध टोपली उसवते होय?" मावशी म्हणाली. ती आता रोज कणकेचा गोळा घेऊन इकडेच यायची. मग एकदा आईने स्वतःहून केस विंचरले. एकदा पेजेत मीठ कमी आहे म्हणाली. हौशीला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की तिने मूठभर मीठ जास्तच घातलं!

शिशिर सरला. पांगारा लालेलाल फुलला, वेळूबनात कोवळे, टोकदार कोंब वर आले. एके सकाळी हौशीला जाग आली तर आई अंथरुणात नव्हती. ती घाबरून बाहेर धावली. आई ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. अंगणातल्या त्या वाळून कडकडीत झालेल्या कामट्या ती पाण्यात भिजत घालत होती.

त्याच दिवशी वेळूबनात सळसळी पुन्हा भेटली. पांगाऱ्याच्या लाल पाकळीवर ती झोका घेत होती. "हौशीबाई, तिसरी इच्छा राहिलीय. नियम आठवतो ना? स्वतःसाठी!"

हौशीने लाडवाचा विचार केला. लाल परकराचाही केला. पण पोटातली ती मोठी गोष्ट वर येऊन घशाशी बसली होती, तिच्यापुढे लाडूही गोड लागला नसता. "परीताई," ती अगदी हळू म्हणाली, "मला आईला एक विचारायचंय. आणि मला भीती वाटते. मला धीर दे."

सळसळीने तिच्या जिभेवर मधाचा एक थेंब ठेवला. "हा घे. सूर्य मावळायच्या आत विचार हं."

हौशी घरी आली तेव्हा आई अंगणात बसून विणत होती. किती दिवसांनी हातात कामटी धरली होती! बोटं अडखळत होती. टोपली एका बाजूला फुगली होती, दुसऱ्या बाजूला बसली होती, काठ सापासारखा वळवळत गेला होता.

"आई," हौशी म्हणाली. जिभेवरचा मध विरघळला आणि शब्द सुटले. "मी त्या दिवशी म्हणाले ना, कुणाचीच नाही म्हणून. टोपली फेकली. म्हणून तू आजारी पडलीस का ग?"

आईचे हात थांबले. तिने हौशीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "माझ्या बाई," ती म्हणाली, "एवढं ओझं घेऊन तू माझी पेज करत होतीस?" तिने हौशीला ओढून कुशीत घेतलं. "ऐक. ते दुखणं त्याच्या किती आधीपासून येत होतं. मला रात्र रात्र झोप नसायची, मी कुणाला सांगायची नाही. तू टोपली फेकलीस ना, तेव्हा तर मला हसू आलं होतं. म्हटलं, केवढा राग एवढ्याशा नाकावर! तुझ्या बोलण्याने मी आजारी नाही पडले हौशे. कुणाच्याच बोलण्याने नाही. पण मी बरी होतेय, त्यात तुझा वाटा मोठा आहे."

मग हौशी रडली. इतक्या दिवसांचं एकदमच रडली, हुंदके देत, नाक वर ओढत. आईने तिला गप्प हो म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवत ती तिचं रडणं संपायची वाट बघत राहिली.

ऊन कलायला आलं. आईने शेवटची कामटी काठात खोचली, ती वाकडीतिकडी टोपली उचलली आणि हौशीच्या डोक्यावर पालथी घातली. आत अंधार होता, ओल्या वेळूचा हिरवा वास होता. आणि अचानक विणीच्या सगळ्या फटींतून उजेड आत आला! सोनेरी, पोपटी, मोरपंखी ठिपके हौशीच्या गालांवर नाचू लागले. कानाशी दवाचे पैंजण वाजले. "येते हं," एक बारीक आवाज म्हणाला. "आता इथे परीचं काही काम नाही." उजेड आणखी उजळला, लखलखला, आणि सळसळत वेळूबनाच्या दिशेने निघून गेला.

बाहेर आई कमरेवर हात ठेवून उभी होती. आवाज थोडा घोगरा होता, पण होता तिचाच.

"कुणाची ग ही टोपलीवाली?"

"तुझी!" हौशी ओरडली. "तुझी, तुझी, तुझी!"

आणि आई हसली. या खेपेला डोळ्यांतूनसुद्धा.

ती वाकडी टोपली मात्र बाजारात गेली नाही. ती अजून त्यांच्या खुंटीवर टांगलेली आहे, आणि तिच्यात शेंगदाण्याचे लाडू असतात. आमची गोष्ट तिच्यात भरून ठेवली आहे, ज्याला लागेल त्याने त्यातली मूठभर न्यावी.